मंगळानंतर बुधच का?

गेल्या अंकात सहज लिहून गेलो होतो की 'सोमवार'मधला 'वार' म्हणजे पाळी, खेप. 'वारंवार'मध्ये तो अजून त्याच अर्थानं नांदतोय. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या खेपेचं सदर वारांनाच देऊन टाकतो. (कापड मोजायचा वार निराळा. तो विचारणाऱ्यांना इथंच निरोप.)

प्रश्न : रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि हा क्रम सूर्यापासूनच्या अंतराचा नाही, आकाराचा नाही आणि तेजाचाही नाही. मग तो आला कुठून? 'पूर्वापार आहे' एवढंच उत्तर मिळालं. (नववीतली एक विद्यार्थिनी)

'पूर्वापार आहे' हे खोटं नाही, पण ते उत्तरही नाही. कागद-पेन्सिल घे, क्रम तुझा तूच काढशील.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ : सूर्य मध्ये आणि बाकीचे भोवती. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या लेखी पृथ्वी मध्ये होती आणि आकाशात ताऱ्यांमधून सरकणारे सात जण होते. सूर्य आणि चंद्रही त्यांच्या हिशेबात ग्रहच. या सातांना त्यांनी वेगानुसार ओळीत लावलं, सगळ्यात संथ आधी. शनीला आकाशाची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला जवळपास बारा, मंगळाला दोनाला थोडी कमी, सूर्याला एक; मग शुक्र, मग बुध, आणि शेवटी चंद्र, जो सत्तावीस दिवसांत फेरी उरकतो. म्हणजे ओळ अशी : शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र.

आता दिवसाचे चोवीस तास कर. प्रत्येक तासाला या ओळीतला एकेक मालक दे. पहिल्या तासाचा जो मालक, त्याच्या नावानं तो सबंध दिवस ओळखायचा. शनिवारपासून सुरू कर. पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असं करत सातवा चंद्राचा. आठवा पुन्हा शनीचा, पंधरावाही, बाविसावाही. उरले दोन : तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. ओळीत मंगळानंतर कोण? रवि. म्हणून शनिवारनंतर रविवार. रविवारचा बाविसावा तास रवीचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पुढचा चंद्र, म्हणून सोमवार. मंगळवारनंतर बुधवारच का येतो ते आता तू मांडून बघ, मी सांगत नाही.

गणितात सांगायचं तर चोवीसला सातनं भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दर दिवशी ओळीत तीन घरं पुढं सरकायचं. स्वतःला धरून मोजलं तर चौथं घर. आर्यभटानं हीच रीत आर्या छंदातल्या एका श्लोकात बसवली आहे. 'आर्यभटीया'च्या कालक्रियापादात तो म्हणतो की होरांचे (होरा म्हणजे तास) हे सात स्वामी शनैश्चरापासून क्रमानं अधिकाधिक शीघ्र, आणि 'शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः', म्हणजे या वेगाच्या क्रमात दर चौथा तो सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी. ग्रंथ इसवी सन 499च्या सुमाराचा. मला या ओळीतला 'चतुर्था' फार आवडतो. सगळं कोडं त्या एका शब्दात सुटतं.

प्रश्न : सोबत मला आलेला एक फॉरवर्ड जोडला आहे. सूर्याचा सन-डे, चंद्राचा मून-डे, म्हणजे साऱ्या जगानं वार आपल्याकडून उचलले, असं त्यात म्हटलं आहे. हे खरं का? (एक निवृत्त अभियंता)

फॉरवर्डनं अर्धं बरोबर सांगितलंय. दोन्हीकडची नावं एकमेकांची भाषांतरं आहेत, यात शंका नाही. पण भाषांतर कोणी कोणाचं केलं, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. त्यासाठी तारखा बघाव्या लागतात.

वेदांमध्ये वारांची नावं नाहीत. दिवस ओळखला जायचा तो तिथीनं आणि नक्षत्रानं. वेदांगज्योतिष या जुन्या ज्योतिषग्रंथातही वार नाहीत. कोरीव पुराव्यात आपल्याकडे वार पहिल्यांदा दिसतो तो एरणच्या स्तंभावर. एरण हे मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातलं गाव. बुधगुप्त राजाच्या काळातल्या त्या लेखात गुप्त संवत् 165, आषाढ शुक्ल द्वादशी आणि 'सुरगुरोर्दिवसे', म्हणजे देवांच्या गुरूच्या दिवशी, अशी मिती घातली आहे. हिशेब केला की गुरुवार, 21 जून 484 येतो. तिकडं इटलीत पाँपेई हे शहर इसवी सन 79मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि तिथल्या भिंतीवर कुणीतरी शनीपासून शुक्रापर्यंत सातही दिवसांची नावं खरडून ठेवलेली सापडली. तिसऱ्या शतकातला रोमचा इतिहासकार डिओ कॅसियस वर सांगितलेली चोवीस तासांची रीत देतो आणि ती इजिप्तकडून आली असं नोंदवतो.

आणखी एक धागा आहे, तो मला तारखांहून बोलका वाटतो. आर्यभटाच्या श्लोकातला 'होरा' हा शब्दच ग्रीक आहे. इंग्रजीतला 'अवर' त्याच ग्रीक शब्दातून आलेला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिष्याच्या काळी होरा परका वाटेनासा झाला होता, म्हणून त्याची एक घरगुती व्युत्पत्तीही तयार झाली होती : 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की उरतं ते 'होरा'. वराहमिहिर ती 'बृहज्जातका'त नोंदवतो, पण 'एके', म्हणजे काहीजण असं मानतात, असं म्हणून. त्या 'एके'मध्ये बाप माणसाचा सावधपणा आहे. आपल्या फॉरवर्डवाल्यांकडे नेमका तो नाही.

म्हणजे ग्रहवारांची कल्पना भूमध्य समुद्राच्या काठी, ग्रीक अमलाखालच्या इजिप्तच्या परिसरात तयार झाली. एक वाट रोमला गेली, दुसरी ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली. रोमची नावं उत्तरेकडच्या टोळ्यांनी घेतली तेव्हा त्यांनी देव बदलले : मार्सच्या जागी टीव, मर्क्युरीच्या जागी वोडेन, वज्रधारी ज्युपिटरच्या जागी मेघगर्जनेचा थोर, व्हीनसच्या जागी फ्रिग. त्यांचेच ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे आणि फ्रायडे. शनीला जोडीदार सापडला नाही, म्हणून इंग्रजीत सॅटर्न तसाच राहिला.

अभिमानच हवा असेल तर पूर्वेकडं बघा. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्यानं आपल्याकडचं ग्रह-नक्षत्रांचं शास्त्र चिनी भाषेत आणलं, ते पुढं जपानला पोचलं. जपानी माणूस आजही मंगळवारला 'अग्नीचा वार' म्हणतो, कारण चिनी परंपरेत मंगळ हा अग्नितारा. त्या प्रवासातला मधला मुक्काम आपला आहे, आणि तो काही कमी मोलाचा नाही.

आणि 'साऱ्या जगानं' हेही खरं नाही. ज्यू आणि अरब दिवस मोजतात : पहिला, दुसरा, तिसरा. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे 'दुसरा'. फारसीत शनिवार 'शंबे', म्हणजे ज्यूंचा सब्बाथ, आणि रविवार म्हणजे 'एक-शंबे'. ग्रहांचा तिथं मागमूस नाही.

प्रश्न : घरातल्या जुन्या कागदांत एका जन्माची नोंद 'मंदवासरे' आणि दुसरीची 'सौम्यवासरे' अशी आहे. सौम्य म्हणजे सोमवार धरला तर पंचांगाशी तारीख जुळत नाही. (एक गृहिणी)

जुळणार नाही, कारण तो बुधवार आहे. सौम्य म्हणजे सोमाचा मुलगा, आणि पुराणात चंद्राचा मुलगा बुध. सोमवारला 'इंदुवासरे' लिहीत. मंद म्हणजे सावकाश चालणारा, तो शनि. 'शनैश्चर'चा अर्थही तोच, हळूहळू चालणारा. जुन्या कागदांत 'भौमवासरे' दिसलं तर मंगळवार (भूमीचा मुलगा), 'भृगुवासरे' दिसलं तर शुक्रवार. आता तारीख पुन्हा ताडून बघा.

प्रश्न : बुधवार गौतम बुद्धांच्या नावावरून आला का? आणि गुरु हा सर्वांत जड ग्रह आहे हे पूर्वजांना ठाऊक होतं म्हणूनच त्याला 'गुरु' म्हणाले ना? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

दोन्हींना उत्तर 'नाही'. बुध आणि बुद्ध एकाच 'बुध्' धातूचे : बुध म्हणजे जाणता, बुद्ध म्हणजे जागा झालेला. शब्द म्हणून भावंडं, व्यक्ती म्हणून संबंध नाही.

गुरूचं जरा मजेशीर आहे. 'गुरु'चा मूळ अर्थ जड हा खराच; छंदशास्त्रातलं लघु-गुरु तिथूनच आलं. जड, म्हणजे वजनदार, म्हणजे मान द्यावा असा, म्हणजे आचार्य, असा तो वर चढत गेला. पण ग्रहाला नाव मिळालं ते बृहस्पती देवांचा आचार्य म्हणून. तोपर्यंत शब्दाचा वजनाशी संबंध सुटला होता. गुरूचं वस्तुमान दुर्बीण आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम हाती आल्याशिवाय काढताच येत नाही. योगायोगाला योगायोग म्हणण्यात पूर्वजांचा अपमान होत नाही.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो : या सातांत सर्वांत गमतीचं नाव मंगळाचं. ज्योतिषात तो पापग्रह, त्याची भीती घालतात, आणि नाव काय, तर 'मंगल'! ज्याची धास्ती वाटते त्याला गोड नाव द्यायची ही जुनी खोड आहे. आपण फुटलेली बांगडी 'वाढवतो', ते याच खोडीतून. त्याचं खरं रूप सांगणारं नाव 'अंगारक', निखारा. लाल दिसतो म्हणून.

प्रश्न : आठवड्यात सात दिवस, मग नाव आठाचं कसं? (अनेकांनी विचारलं आहे)

सोमवारी कुणी म्हणालं, 'आठ दिवसांनी ये', तर आपण कधी जातो? पुढच्या सोमवारी. दोन्ही टोकांचे दिवस मोजले की आठ भरतात. फ्रेंच माणूसही आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतो आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. प्राचीन रोमचं बाजाराचं चक्र आठ दिवसांचं होतं आणि त्याचं नाव 'नऊ'वरून पडलेलं. संगीतात तर हा वाद कायमचा आहे : सूर तेच, आपण सात मोजून सप्तक म्हणतो, पाश्चात्त्य वरचा सा धरून आठ मोजतात.

सातावरून आलेलं नावही मराठीत आहे, पण ते वेगळ्याच धंद्याला लागलंय : 'हप्ता'. फारसी 'हफ्त' म्हणजे सात. संस्कृत 'सप्त'चाच भाऊबंद, 'स'चा 'ह' झालेला. हफ्ता म्हणजे सात दिवस. मग दर सात दिवसांनी द्यायचे पैसे, मग ठरल्या मुदतीनं द्यायचे कसलेही पैसे, आणि शेवटी गुंडाला द्यायचे पैसे. आज आपण 'मासिक हप्ता' बिनदिक्कत म्हणतो आणि त्यातला सात कुणाला टोचत नाही.

असाच एक शब्द स्लाव्ह भाषांत आहे. 'नेदेल्या', म्हणजे काम न करण्याचा दिवस, रविवार. पोलिश भाषेत त्याचं भावंड अजून रविवारच आहे. रशियनमध्ये मात्र ते नाव सबंध आठवड्याला मिळालं. रविवारला दुसरा शब्द शोधावा लागला, तो 'पुनरुत्थान'. पण रशियन सोमवारचं नाव अजून 'नेदेल्यानंतरचा' असंच आहे. बाकी घर बदललं तरी एक खुंटी जुन्या जागी राहिली.

प्रश्न : मी तीस वर्षं मराठी शिकवलं. 'अपरोक्ष'चा अर्थ 'डोळ्यांसमोर'. लोक 'माझ्या अपरोक्ष त्यांनी निर्णय घेतला' असं उलटं लिहितात. शिक्षा (मुळात शिकवण), चेष्टा (मुळात हालचाल) यांचेही अर्थ बिघडले. शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ असा आग्रह आपण का धरू नये? (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, तुमची तक्रार मला आतून कळते. माझंही आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलंय. तरी आग्रह धरू नये असंच म्हणेन. कारण मूळ म्हणून थांबायचं कुठं?

एरणच्या लेखातला तो 'सुरगुरु'च घ्या. सुर म्हणजे देव. पण हा शब्द जन्मला कसा? ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत 'असुर' ही पदवी वरुण, अग्नी, इंद्र यांना लावलेली आहे : समर्थ, प्रभू. इराणी लोकांनी तो मान राखला, त्यांचा परमेश्वर अहुर मझ्द. पुन्हा तोच 'स'चा 'ह'. आपल्याकडे मात्र असुर पुढं राक्षस झाला. मग कुणाला तरी वाटलं की यातला 'अ' नकाराचा असणार, तेव्हा उरलेला 'सुर' म्हणजे देव. एका चुकीच्या फोडीतून शब्द निघाला आणि पाचव्या शतकात तो दगडावर कोरून बसला. मूळ अर्थ हाच खरा मानला तर वरुणाला असुर म्हणावं लागेल आणि सुर हा शब्दच खोडावा लागेल. तयार आहात?

अशोक स्वतःला लेखांमध्ये 'देवानंपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. पुढं संस्कृत व्याकरणात 'देवानांप्रिय इति च मूर्खे' अशी नोंद झाली. देवांचा लाडका म्हणजे मूर्ख. त्याच अशोकाच्या बाराव्या शिलालेखात राजा सर्व 'पासंडां'चा मान राखतो. तिथं पासंड म्हणजे नुसता पंथ. त्याचं आपल्याकडे पाखंड झालं, आणि पाखंड्याचा मान कोण राखतो!

सगळेच शब्द खाली घसरतात असंही नाही. 'साहस' हा स्मृतिग्रंथांत गुन्हा आहे : बळजबरी, दरोडा, मारहाण. आज आपण मुलांना साहस शिबिराला पाठवतो. 'सोम' ऋग्वेदात एक वनस्पती आणि तिचा रस. नववं मंडल जवळपास सगळं त्या रसाच्या स्तुतीचं. तो चंद्र नंतर झाला. 'मृग' म्हणजे कोणताही रानटी प्राणी, मग आक्रसून हरीण. जुना अर्थ 'मृगेंद्र'मध्ये शिल्लक आहे, नाहीतर सिंहाला हरणांचा राजा म्हणावं लागलं असतं. 'कादंबरी' ही तर बाणभट्टाची नायिका. आज कुठल्याही लठ्ठ कथापुस्तकाला तिचं नाव आहे.

'शिक्षे'बद्दल बोलायचं तर शिक्षक, शिक्षण हे शब्द जागच्या जागी राहिले आणि एकटी शिक्षा कोर्टात गेली. तिला परत वर्गात आणायची कुणाची छाती आहे? 'मला शिक्षा हवी' असं म्हणून बघा.

'अपरोक्ष'बाबत मात्र मी निम्मा तुमच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण व्यवहारातलं आहे. तिथं जुना अर्थ मेलेला नाही. वेदान्तावरच्या मराठी लेखनात 'अपरोक्ष अनुभव' म्हणजे साक्षात अनुभव, आणि तोच वाचक वर्तमानपत्रात 'माझ्या अपरोक्ष' वाचतो. एकाच वेळी दोन उलटे अर्थ जिवंत असले की वाक्य लंगडतं. मी मुद्रितात असं वाक्य आलं की 'माझ्या पाठीमागे' किंवा 'माझ्या गैरहजेरीत' करतो आणि पुढं जातो. बोलताना कुणी म्हणालं तर ऐकून घेतो. चेष्टा, शिक्षा यांना हात लावत नाही. तिथं मराठी वाचकाचा गोंधळ उडत नाही, उडतो तो फक्त हिंदी बोलणाऱ्याचा. त्यालाही 'राजीनामा' आपल्याकडे काय ते एकदा कळलं की सवय होते. त्याच्या भाषेत तो समझोता.

प्रश्न : आमची आजी 'आइतवार' म्हणते. ते अशुद्ध आहे का? (सातवीतला एक विद्यार्थी)

मुळीच नाही. 'आदित्यवार' बोलता बोलता झिजून आइतवार झालाय. हिंदीतला इतवार आणि कोंकणीतला आयतार त्याचेच भाऊ. रवि आणि आदित्य ही दोन्ही सूर्याचीच नावं. थायलंडमध्येही रविवारला 'आथित' म्हणतात, तोही आदित्यच. आणि तिथला मंगळवार 'अंगखान', म्हणजे आपला अंगारक. आजीला विचार, बाकीचे वार ती कसे म्हणते, आणि जसे ऐकशील तसेच लिहून पाठव. 'बृहस्पतवार' निघाला तर मला पुढच्या अंकासाठी हवा आहे.